आंदणाचा कुत्रा

मुलगी परदेशात द्यायची तर कागद किती लागतात, हे आता अमडापुरातही बऱ्याच घरांना ठाऊक झालं आहे. कुत्रा द्यायचा तर किती लागतात, हे मात्र सध्या तरी गावात एकट्या मला ठाऊक आहे. चिखली-खामगाव रस्त्यावरच्या आमच्या गावाला या ज्ञानाचा उपयोग शून्य. पण रिटायर माणसाजवळ बिनउपयोगाच्या ज्ञानाशिवाय दुसरं असतं तरी काय?

मी ढोरांच्या दवाखान्यातला माणूस. पशुधन पर्यवेक्षक म्हणून उभी नोकरी बुलढाणा जिल्ह्यातच झाली. फऱ्या, घटसर्प, लाळ्या-खुरकूत यांच्या लसी टोचल्या, गाभण म्हशी तपासल्या, बैलांच्या लाथा खाल्ल्या. कुत्र्यांकडे बघायला फुरसत नव्हती आणि कुत्र्यांनीही कधी तशी तक्रार केली नाही. पण पुतणीनं पुण्याहून फोन करून सांगितलं, "काका, टिप्याला सोबत जर्मनीला न्यायचंय, त्याचं सगळं तुम्ही बघा," तेव्हा घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू सरकारनं इतकी वर्षं मला पगार दिला तो याच दिवसासाठी.

टिप्या हा बल्लाळ देवीच्या टेकडीखाली सापडलेला. नवरात्रात. पुतणी तेव्हा कॉलेजात होती. तिनं पिल्लू ओढणीत गुंडाळून आणलं, आठ दिवस त्याच्यासाठी घर डोक्यावर घेतलं आणि पुढं शिकायला पुण्याला निघून गेली. मग कुत्र्याचं व्हायचं तेच झालं. जो "हे घाणेरडं घरात नको" म्हणत होता, त्या माझ्या थोरल्या भावाच्या बाजेखाली तो झोपायला लागला. दादा शेतात गेला की टिप्या शेतात, दादा पारावर बसला की टिप्या पारावर. त्यामुळे पोरगी कुत्रा मागते म्हणजे नेमकं काय मागते, हे घरात कुणी उघड बोललं नाही, पण कळलं सगळ्यांना.

नवरदेव पुण्याजवळच्या एका कारखान्यातला जर्मन इंजिनियर. लग्न ठरलं तेव्हा आमच्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न जातीचा. "जर्मन" हे उत्तर कुणालाच पुरेसं वाटेना. एका मावसभावानं तर "जर्मनमधले कोण?" असंही विचारून पाहिलं. गंमत अशी, की पुढं टिप्याचा अर्ज भरायला बसलो तर तिथंही नाव, लिंग, रंग, जन्मतारीख आणि मग हाच रकाना: जात. तो जन्मानं गावठी. आमच्या खात्यात ज्या जनावराची जात सांगता येत नाही त्याला नॉनडिस्क्रिप्ट लिहितात. जिल्ह्यातली निम्मीअधिक गुरं मी त्याच शब्दावर निभावून नेली होती. टिप्यालाही तेच लिहिलं. आणि विमानाच्या बाबतीत ते पथ्यावरच पडलं. पग, बुलडॉग असल्या बसक्या नाकाच्या खानदानी कुत्र्यांना पुष्कळ विमान कंपन्या नेत नाहीत, त्यांना वर श्वास पुरत नाही. गावठी कुत्र्याचं नाक लांब. जात नसल्याचा फायदा झालेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

जन्मतारखेवर फार अडलं नाही. आमच्या पिढीतल्या निम्म्या गावाची जन्मतारीख मास्तरांनी १ जून लावलेली. टिप्याचीही १ जून झाली. त्यानं कान फडफडवून संमती दिली.

आता नियम सांगतो, कारण ते पाठ झालेत आणि घरात आता कुणी ऐकत नाही. कुत्रा युरोपात न्यायचा तर आधी त्याच्या मानेत कातडीखाली चिप बसवावी लागते. तांदळाच्या दाण्याएवढी असते. तिच्यात १५ आकडी नंबर. माणसाचं आधार १२ आकडी. गाई-म्हशींच्या कानात आपण जो पिवळा बिल्ला मारतो, त्याचा नंबरही १२ आकडी. म्हणजे सरकारदरबारी माणूस आणि म्हैस एका पंक्तीला, आणि टिप्या तीन आकडे वर. चिप बसल्यावर रेबीजची लस. चिपच्या आधी टोचलेली धरत नाहीत. लस टोचली ती याच कुत्र्याला कशावरून, असा त्यांचा सवाल. दरसाल मी स्वतःच्या हातानं टोचलेल्या लशी अशा एका झटक्यात बाद झाल्या. मग लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं, ते युरोपीय संघानं मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं. त्यात रेबीजविरोधी प्रतिपिंडं मिलिलिटरला निदान ०.५ एकक भरली पाहिजेत. भरली तरी लगेच निघायचं नाही. रक्त काढल्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. कारण सरळ आहे: रेबीजचा विषाणू अंगात दबा धरून बसलेला असेल, तर तेवढ्या मुदतीत बहुधा तो तोंड वर काढतो.

इकडे पुतणीचं लग्न विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे १९५४ च्या. त्यातही नोटीस द्यायची आणि ३० दिवस थांबायचं. कुणाला हरकत घ्यायची असेल तर घ्यावी म्हणून. दोन्ही मुदती एकाच सुमारास चालू होत्या. घरात कुणी "अजून किती दिवस राहिले?" असं विचारलं, की "कुणाचे?" असं विचारून मगच उत्तर द्यावं लागे. दादा फक्त कुत्र्याचे दिवस मोजत होता. लग्नाचा विषय निघाला की तो उठून गोठ्यात जायचा.

पोरीला जर्मन भाषेची पहिली परीक्षा द्यावी लागली, नवऱ्याकडे राहायला जायच्या व्हिसासाठी ती लागते. ती पुण्यातल्या मॅक्सम्युलर भवनात जाऊन शिकली. ज्या पंडिताच्या नावानं ते भवन आहे, त्यानं ऋग्वेदावर हयात घालवली, पण भारतात पाऊल टाकलं नाही. कुत्र्याला मात्र भाषेची अट नव्हती.

ही सगळी रेबीजची भीती ऐकून आमच्या पारावर थोडी हेटाळणी झाली. "एका कुत्र्यापायी एवढं?" मी मात्र तिकडच्या लोकांच्या बाजूनं बोललो. ज्यानं पोटात चौदा इंजेक्शनं घेतलेली माणसं पाहिली आहेत, आणि जी वेळेवर घेऊ शकली नाहीत त्यांचं शेवटी पाण्याला भिणंही पाहिलं आहे, त्यानं या बाबतीत हसू नये. आपल्याकडे अजूनही दरवर्षी हजारो माणसं यानं जातात. जर्मनीत रोग होता तो कोल्ह्यांत. कोल्ह्याला धरून टोचणार कोण? १९७८ साली स्वित्झर्लंडमध्ये तिथल्या लोकांनी कोंबडीच्या मुंडक्यांत लस भरून ती रानात टाकून पाहिली. कोल्ह्यांनी मुंडकी खाल्ली आणि रोग अडला. १९८३ पासून जर्मनीतही तेच सुरू झालं, पुढं कारखान्यात बनवलेली आमिषं विमानातून टाकू लागले, आणि २००८ मध्ये तो देश कोल्ह्या-कुत्र्यांच्या रेबीजमधून मोकळा जाहीर झाला. पंचवीस वर्षं रानात लस टाकणारे लोक टिप्याकडे संशयानं बघणारच. नोकरीत असताना हे वाचलं असतं तर मी जिल्हा परिषदेत भाषण ठोकलं असतं.

मांजराचं थोडक्यात सांगतो. पुतणीच्या मनात मनीलाही न्यायचं होतं. कुत्र्या-मांजराला नियम सारखेच आहेत. चिप लावायला बुलढाण्याला जायचं ठरलं त्या पहाटे मनी माळ्यावर चढली आणि गाडी फाट्यावरून पुढं गेल्याशिवाय खाली आली नाही. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. कुत्रं माणसाचं असतं, मांजर घराचं, एवढं म्हणून आम्ही तो विषय सोडून दिला.

पिंजऱ्याचं प्रकरण मात्र रंगलं. विमानाच्या नियमांप्रमाणे पिंजरा असा हवा, की जनावराला त्यात नीट उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे, पाय पसरून झोपता आलं पाहिजे. त्यासाठी मापं घ्यायची: नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत, जमिनीपासून कोपरापर्यंत, खांद्यांची रुंदी, उभं असताना कानाच्या टोकापर्यंत उंची. दादानं सरळ शिंप्याला बोलावलं. शिंप्यानं टेप गळ्यात घालून ओसरीवर टिप्याकडे पाहिलं, टिप्यानं शिंप्याकडे पाहिलं. "शेपटी धरायची का सोडायची?" त्यानं विचारलं. सोडायची, मी म्हटलं. मग कानात पेन्सिल अडकवून त्यानं आकडे सांगितले, वहिनीनं ते कॅलेंडरच्या मागं लिहिले आणि शिंपी जाताना सवयीनं म्हणाला, "बुधवारी घेऊन जा."

पिंजरा पुण्याहून एसटीच्या टपावरून आला. आधी महिनोन् महिने त्यात जनावराला सवय लावायची असते. विमानात गुंगीचं औषध देऊन चालत नाही, वर रक्तदाब उतरण्याची भीती. म्हणून तो ओसरीवर उघडा ठेवला. पहिल्यांदा त्यात कोंबड्या बसल्या. मग शेजारच्या पोरांनी त्यात बसून मुंबई-जर्मनी असा खेळ चालवला. वहिनीनं वरच्या सपाट छपरावर कुरडया वाळत घातल्या. टिप्या लांब बसून हे सगळं पाहायचा. शेवटी एका रात्री दादानं आपली जुनी घोंगडी आत अंथरली. सकाळी टिप्या आत झोपलेला होता.

याच दिवसांत घरी बायका यायला लागल्या. लग्नाचं विचारायला म्हणून यायच्या, पण पुतणीच्या समोर बसलं की काय विचारावं ते सुचायचं नाही. पोरगी शिकलेली, कमावती, स्वतःचं ठरवून मोकळी झालेली. तिला काय विचारणार? मग कुत्र्याकडे पाहून विचारायच्या. "काहून वं, तिकडं थंडी लई राह्यते म्हणते, याले सोसन का?" "तिथं याले भाकर कोण टाकन?" "आजारी पडलं तर दवाखाना जवळ हाये का?" "आजूबाजूले कोणी बोलाले तरी हाये का, का एकटंच बसन दिवसभर?" पुतणी एकेका प्रश्नाचं नीट उत्तर द्यायची. घरात हिटर असतो. स्वयंपाक घरीच होतो. डॉक्टर कोपऱ्यावर आहे. शेजारी एक म्हातारी आहे, ती रोज येते. बायका मान हलवायच्या, चहा प्यायच्या, टिप्याच्या डोक्यावरून हात फिरवायच्या आणि जायच्या.

दादा महिनोन् महिने पोरीशी कामापुरतं बोलत होता. एका रात्री मी ओसरीवर पडलो होतो, तो बाजेवरून अंधारातच म्हणाला, "तिकडं उन्हाळ्यात रात्री दहा वाजेलोक उजेड राह्यते म्हणते. याले झोप येईन का?" मी म्हटलं, येईल, खिडक्यांना जाड पडदे असतात. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ती लहानपणी दिव्यात झोपत नव्हती."

दुसऱ्या दिवशी त्यानं वहिनीला सांगितलं, "ने म्हणा कुत्रा. आंदण समजून ने."

आंदण म्हणजे काय ते आता नव्या पोरांना सांगावं लागतं. पूर्वी लेकीसोबत सासरी भांडी द्यायचे, तशीच ऐपत असली तर एखादी गाय द्यायचे. लहान वयात लग्न व्हायचं, म्हणून सोबतीला पाठराखीणही जायची. म्हणजे माणूस आणि जनावर मिळून सासरी जाणं ही काही युरोपची कल्पना नव्हे. आणि जर्मन सोयरिकीचं म्हणाल तर तीही वऱ्हाडाला नवी नाही. अमरावतीत शिकलेले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२० साली एडिथ कोह्न या जर्मन ज्यू बाईंशी लग्न केलं. त्या पुण्यात येऊन शीलवती केतकर झाल्या आणि त्यांनी 'मीच हे सांगितलं पाहिजे' नावाचं आठवणींचं पुस्तकही लिहिलं. हा दाखला मी मावसभावाला दिला. तो म्हणाला, "पण त्या इकडं आल्या ना." त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

आईजवळ होतं.

आई उंद्रीची. उंद्री म्हणजे आताचं उदयनगर, याच रस्त्यावर खामगावच्या बाजूला. आई लग्न होऊन अमडापूरला आली तेव्हा तिच्या बापानं आंदण म्हणून एक तांबडी गाय दिली. वऱ्हाडाच्या बैलगाडीमागं बांधून ती आणली. गाय देखणी, दूधही बरं, पण रमेना. संधी मिळाली की दावं सोडवून पसार. शोधायला कुठं जायची गरज नव्हती, ती थेट उंद्रीच्या गोठ्यात सापडायची. दुसऱ्या कुणाला ती अंगाला हात लावू देत नसे, म्हणून आजोबा, म्हणजे आईचे सासरे, नाइलाजानं सुनेला गड्यासोबत पाठवत. गाय थकलेली असे, लगेच चालवत कशी आणणार? मग आई तिथं तीन-चार दिवस राहायची आणि गाय घेऊन परत यायची.

त्या काळी सून माहेरी पाठवायची म्हणजे सासऱ्याची परवानगी, सासूची तयारी, माहेरचा मुऱ्हाळी, शेतातली कामं, सगळं जुळून यावं लागे. गायीला यातलं काही लागत नव्हतं. एकदा ती आखाजीच्या आदल्या दिवशी गेली. एकदा मावशीच्या बाळंतपणाच्या वेळी. एकदा आईच्या चुलतभावाच्या लग्नाला तर ती हळदीच्या दिवशी सकाळीच तिथं हजर. आजोबांनी दावं बदललं, खुंटा बदलला, गाठ स्वतःच्या हातानं मारायला लागले. गावात ती गाय ओढाळ म्हणून प्रसिद्ध झाली. लोक सांगायचे, मुकं जनावर, पण माहेर विसरत नाही बघा.

मी पुढं जनावरांत नोकरी केली. गुरांना वाट लक्षात राहते, वास लक्षात राहतो, आपला कळप आणि आपला गोठा ओळखू येतो, हे सगळं खरं आहे. विकलेला बैल मालकाच्या दारात येऊन उभा राहिल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. पण पंचांग कळणारं गुरू मला सगळ्या नोकरीत भेटलं नाही. आईला मी हे कधीतरी विचारलंही. ती शेंगा फोडत होती. "जनावराच्या मनातलं आपल्याले काय कळते," असं म्हणून तिनं पुढची शेंग घेतली.

तर टिप्या गेला. शेवटचे कागद मुंबईत झाले. केंद्र सरकारचं पशू संगरोध कार्यालय आहे, तिथं जनावर समक्ष दाखवून निर्यातीचा आरोग्य दाखला घ्यायचा. तिकडच्या नाक्यावर तपासणी होईपर्यंत तो दहाच दिवस चालतो. शिवाय जनावर मालकाच्या पाच दिवस आगेमागेच पोचलं पाहिजे. आम्ही क्रुझर केली, सिंदखेडराजाजवळून समृद्धीला लागलो, आणि टिप्यानं उभा महाराष्ट्र खिडकीतून तोंड बाहेर काढून पाहिला. दादा येणार नव्हता. गाडीत बसायच्या वेळी तो आधीच पुढच्या सीटवर बसलेला होता. विमानतळावर सामानाच्या बाजूला पिंजरा आत गेला तेव्हा दत्ताचे चार कुत्रे आठवले. काशीला स्नान, कोल्हापूरला भिक्षा, माहूरला झोप. रोजची एवढी दौड, आणि कुणी कागद विचारल्याचं ऐकिवात नाही.

आता टिप्या स्टुटगार्टला असतो. त्याच्या गळ्यात नगरपालिकेचा बिल्ला आहे, कारण तिकडे कुत्र्यावर कर भरावा लागतो. मांजरावर नाही. १८१० साली प्रशियात चैनीच्या गोष्टींवर कर बसला त्यात कुत्राही धरला होता, तेव्हापासूनची ही रीत. हे सांगितलं तेव्हा दादा पहिल्यांदा मोकळा हसला. "टिप्या? चैन?" रेल्वेत बसायचं तर त्याचं तिकीट काढतात आणि तोंडाला जाळी लावतात.

जावयाचं मराठी मात्र टिप्यामुळे सुधारलं. कुत्र्याला दुसरी भाषा येत नाही, तेव्हा त्यालाच शिकणं भाग पडलं. बस, ऊठ, ये, खा, सोड, चल, गप. एवढ्या शब्दांवर त्याचा संसार चालतो. फक्त ते त्यानं ज्याच्याशी बोलून शिकले, त्याच थाटात तो ते सगळ्यांशी वापरतो. व्हिडिओ कॉलवर मी दिसलो, की हात जोडून मोठ्या आदरानं म्हणतो, "काका, बस!" परवा दादाला म्हणाला, "बाबा, खा!" आणि दादानं मुकाट्यानं समोरच्या ताटातला घास उचलला. जातीचा विषय त्या दिवसापासून घरात निघालेला नाही.

दिवाळीच्या तोंडावर पुतणीचा फोन आला. यायला जमणार नाही म्हणाली. रजा आहे, पण टिप्याला कुठं ठेवायचं? नवराही कामासाठी बाहेरगावी. सोबत आणायचं म्हटलं तर भारतात आणायचे नियम वेगळे, परत न्यायचे वेगळे. मी फाईल घेऊन बसलो आणि तिला एकेक सांगायला लागलो. दादा बाजेवर पाय हलवत बसला होता. आईला ऐकू कमी येतं, म्हणून वहिनीनं सगळं पुन्हा मोठ्यानं सांगितलं. आईनं फोन हातात घेतला, पडद्यावरच्या नातीकडे पाहिलं, मग तिच्या पायाशी बसलेल्या टिप्याकडे.

"त्याच्या गळ्यातला पट्टा जरा ढिल्ला ठेवजो व माय," ती म्हणाली. "पळून आला, की त्याले न्यायले तुले यावंच लागन."

"आई," मी म्हटलं, "जर्मनीहून कुत्रा पळून येत नसतो."

"गाय तरी कुठी पळत होती?"